वय वाढलं म्हणून हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, आठवड्याआड रात्रपाळी. विशीत तालमीत अंग कमावलेलं, आता पोट सुटलंय, दुपारनंतर डोळे मिटायला लागतात, ताकद कमी वाटते, इच्छाही पूर्वीसारखी राहिली नाही. जिममधला ट्रेनर म्हणतो, "तुमची हार्मोन्स उतरलीत. ग्रोथ हार्मोनचा कोर्स करा, दहा वर्षं मागं जाल." लॅबच्या एका पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन २९० आलंय, त्यापुढं लाल खूण आहे. इंजेक्शन घ्यावं का? आणि शेवटी एक ओळ: मिसेसचं वय ४७, पाळी वर्षभर मागंपुढं होतेय, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, त्यांच्यासाठीही काही असेल तर सांगा.

कोल्हापुरात हार्मोनच्या आजारांची ओपीडी बरीच वर्षं चालवतोय, त्यामुळं आडवळणानं सांगत नाही. ग्रोथ हार्मोन घेऊ नका. टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, निर्णय त्या एका कागदावर होत नाही. आणि हार्मोनच्या औषधाचा खरा उपयोग तुमच्या घरात कुणाला होण्यासारखा असेल, तर तो मिसेसना.

आधी ग्रोथ हार्मोन, कारण सध्या जिमपासून पानटपरीपर्यंत त्याचीच चर्चा आहे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ती हे हार्मोन दिवसभर एकसारखं सोडत नाही, मधूनमधून सोडते, आणि सगळ्यात मोठा हप्ता रात्री गाढ झोप लागल्यावर पहिल्या तास-दोन तासांत येतो. म्हणून दिवसा कधीतरी सुई टोचून "तुमचं ग्रोथ हार्मोन कमी आहे" म्हणण्याला काही अर्थ नसतो. निरोगी माणसाचंही दुपारी जवळजवळ शून्य येऊ शकतं. लहानपणी हे हार्मोन उंची वाढवतं. मोठेपणी हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या बंद झाल्यावर उंचीचा विषय संपतो, पण काम संपत नाही: चरबी जाळणं, स्नायू आणि हाडं राखणं चालू राहतं. (या चकत्या बंद करायचं काम पुरुषांतसुद्धा इस्ट्रोजेन करतं, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो. इस्ट्रोजेनचा परिणामच न होणाऱ्या २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि हाडं अजून वाढतच होती.)

तिशीनंतर ग्रोथ हार्मोन हळूहळू कमी होत जातं, हे खरं. प्रश्न असा की ते परत भरलं तर तारुण्य परत येतं का? ही आशा जुनी आहे. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञानं, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तरुणपण आल्याचं पॅरिसच्या सभेत जाहीर केलं. त्या अर्कात परिणाम होण्याएवढं हार्मोन असणं शक्यच नव्हतं, हे पुढं कळलं. तोवर अर्काचा बाजार तेजीत आला होता. ग्रोथ हार्मोनच्या बाबतीत हेच १९९० नंतर झालं. अमेरिकेत साठीपुढच्या १२ पुरुषांना सहा महिने हे इंजेक्शन दिलं गेलं. चरबी साधारण १४ टक्क्यांनी घटली, चरबी सोडून उरलेलं वजन जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढलं. बारा माणसं! एवढ्यावर जगभर दुकानं उभी राहिली. नंतर ताकद मोजणारे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की अंगावर मांस चढतं (त्यात पाण्याचाही वाटा असतो), पण उचलायची ताकद त्या मानानं वाढत नाही. मिळतं काय? पायांवर सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या, आणि साखर वर.

हे हार्मोन खरंच जास्त झालं तर काय होतं, ते ओपीडीत दिसतं. पिट्युटरीत गाठ होऊन वर्षानुवर्षं ग्रोथ हार्मोन जास्त सुटत राहिलं की माणूस तरुण होत नाही. लग्नातली अंगठी करंगळीतसुद्धा जात नाही, चपलेचा नंबर चाळिशीत दोन आकड्यांनी वाढलेला असतो, खालचा जबडा पुढं येतो, दातांत फटी पडतात, आवाज जाड होतो, घोरणं वाढतं. बीपी, शुगर, हृदय वाढणं मागोमाग. मी जुन्या लग्नाचा फोटो मागवतो आणि समोरच्या चेहऱ्याशी ताडून बघतो. घरच्यांना रोज बघून फरक कळलेला नसतो. आणि उलट बाजू: इक्वेडोरमध्ये काही कुटुंबांत ग्रोथ हार्मोनचा परिणाम शरीरावर होतच नाही असा जन्मजात दोष आहे. ही माणसं बुटकी राहतात, पण त्यांच्यात मधुमेह आणि कॅन्सर फारच कमी आढळला. ग्रोथ हार्मोन कमी असलेले उंदीर तर प्रयोगशाळेत जास्त जगतात. म्हणजे वयाबरोबर हे हार्मोन उतरतं त्यात शरीराचा तोटाच आहे असं छातीठोक सांगता येत नाही.

मग हे इंजेक्शन कुणाला देतात? ज्यांची पिट्युटरी खरोखर बिघडली आहे त्यांना: गाठीचं ऑपरेशन झालेले, डोक्याला रेडिएशन घेतलेले, बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन ग्रंथी मेलेल्या बायका. आपल्या भागातलं एक कारण पुस्तकात शेवटी असतं, पण इथं विचारायलाच हवं: उसाच्या फडात घोणस चावून वाचलेला माणूस. घोणशीचं विष पिट्युटरीचा रक्तपुरवठा तोडू शकतं. माणूस वाचतो, किडनी सावरते, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अशक्तपणा, उलट्या, कमी बीपी, दाढीचे केस गळणं सुरू होतं. तो दहा ठिकाणी टॉनिक घेत फिरतो. अशा रुग्णाला आधी कॉर्टिसॉल (किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) द्यावं लागतं, मग थायरॉईडची गोळी. क्रम चुकला तर जिवावर बेततं. ग्रोथ हार्मोनचा विचार त्याच्या कितीतरी नंतर.

आता तुमचे २९०. हा आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो, आणि अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेनं ३०० ही रेघ ठरवली आहे, म्हणून तुमच्या कागदावर लाल खूण. पण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. सॅम्पल किती वाजता दिलं? पॅकेजवाले घरी कधी आले? रात्रपाळी करून सकाळी घरी आल्यावर रक्त दिलं असेल तर तुमच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणं ती सकाळच नव्हती. ताप, आजारपण, आदल्या रात्रीचं जागरण, एवढ्यानंही आकडा खाली येतो. नियम असा: दिवसपाळीच्या आठवड्यात, नीट झोप झाल्यावर, सकाळी आठ-नऊला, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा कमी आलं तरच पुढं एलएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची हार्मोन्स, आणि एसएचबीजी करायचं.

एसएचबीजीकडं पॅकेजवाले बघत नाहीत. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला चिकटून फिरतं. पोट सुटलं, इन्सुलिन जास्त झालं की हे प्रथिन कमी होतं, म्हणून एकूण आकडा कमी दिसतो. मोकळं टेस्टोस्टेरॉन मात्र व्यवस्थित असू शकतं. शिवाय पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते. तेव्हा चाळिशीतल्या पोट सुटलेल्या माणसात "हार्मोन कमी म्हणून पोट सुटलं" यापेक्षा "पोट सुटलं म्हणून हार्मोन कमी" हे जास्त वेळा खरं असतं. वजन उतरलं की आकडा आपसूक चढतो. तुम्ही घोरता का, हे मिसेसना विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर दुपारची झापड, कमी इच्छा, कमी टेस्टोस्टेरॉन, वाढतं बीपी, सगळं एका धाग्यात बसतं, आणि त्याचा उपाय इंजेक्शन नाही.

टेस्टोस्टेरॉन वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. वृषण किंवा पिट्युटरी खरंच काम करत नसेल, तर ते दिल्यावर माणूस बदलतो. दाढी येते, हाडं भरतात, मन वर येतं. पण वयोमानानं थोडं उतरलेलं भरून काढण्याचा फायदा किती? पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवरचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: लैंगिक इच्छा थोडी वाढली, उत्साहात सांगण्यासारखा फरक पडला नाही. २०२३ मध्ये हृदयाचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास आला: हार्ट ॲटॅक वाढले नाहीत, ही चांगली बातमी, पण हृदयाची लय बिघडणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं वाढलेलं दिसलं. त्याच अभ्यासात हाडं मोडण्याचं प्रमाणही औषध घेणाऱ्यांत जास्त निघालं, जे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. शिवाय रक्त घट्ट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तपासत राहावं लागतं. ५४ टक्क्यांवर गेलं की औषध थांबवायचं.

जिममधल्या पोरांसाठी इथंच एक गोष्ट. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पिट्युटरी म्हणते, भरपूर आहे, आणि वृषणांना हुकूम द्यायचं बंद करते. वृषण आक्रसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल होत नाही म्हणून आलेली, दंड मांडीएवढे असलेली मुलं मी बघतो. घरात दोष सुनेला दिलेला असतो. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिनोन् महिने लागतात, कधी वर्ष उलटतं, आणि काहींचं पूर्ण येत नाही. ज्या मेफेंटरमिनच्या कुप्या जिममध्ये फिरतात ते तर हार्मोनही नाही. ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं बीपी वर आणायचं औषध आहे ते. दंड मारण्याआधी ते टोचून घेणं म्हणजे हृदयाशी खेळ.

ताकदीचा विषय निघालाच आहे तर एक तपासणी सांगतो, तिला पैसे पडत नाहीत. मी रुग्णाला म्हणतो, एक बैठक मारून दाखवा, हात टेकू नका. एकेकाळी रोज शेकड्यांनी बैठका मारणारा गडी खाली बसतो आणि वर येताना टेबलाचा कोपरा धरतो, तेव्हा ते वय नसतं. थायरॉईड जास्त किंवा कमी, व्हिटॅमिन डी तळाला, किंवा स्टेरॉइड. मग मी त्याच्या हाताची कातडी बघतो: कागदासारखी पातळ, निळे-जांभळे डाग. शर्ट वर करायला सांगतो: पोटावर रुंद जांभळ्या रेघा. चेहरा गोल, मानेमागं गोळा, हातपाय काड्या. आणि मग विचारतो, "गुडघ्यासाठी पुडी कुठली घेता?" पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली बिननावाची पुडी निघते. "झाडपाल्याची आहे, साइड इफेक्ट नाही." पहिल्या दिवसापासून आराम पडणारी, भूक वाढवणारी, अंग भरवणारी अशी पुडी असेल तर तिच्यात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावीच. आणि हे वाचून कुणी आज रात्रीच ती पुडी फेकून देऊ नका. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की आपली ॲड्रिनल ग्रंथी झोपी जाते; एकदम बंद केलं तर उलट्या, चक्कर, बीपी पडणं, प्रसंगी जीव. सकाळी आठचं कॉर्टिसॉल बघून, ते हळूहळू उतरवत आणावं लागतं.

थायरॉईडबद्दल मोजकंच. तुमचा थकवा बघता टीएसएच (थायरॉईडला हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन) एकदा करा. पण वयाबरोबर टीएसएच थोडं वर सरकतं. सत्तरीतल्या आईचं ६ आलं आणि टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) ठीक असेल, तर लगेच गोळी लागतेच असं नाही. पासष्टीपुढच्या ७३७ लोकांवरच्या २०१७ च्या अभ्यासात अशा सौम्य वाढीला गोळी देऊन त्रासात फरक पडला नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट खोटा येऊ शकतो. आणि ज्यांना गोळी खरंच लागते त्यांनी ती चहाबरोबर घेऊ नये. उपाशीपोटी पाण्याबरोबर, मग अर्धा-एक तास काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब.

तुमच्या बाबतीत मला ज्या हार्मोनची काळजी वाटते त्याचं नाव इन्सुलिन, आणि त्याचं इंजेक्शन कुणी तरुण व्हायला मागत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एक, २२.३. ब्रिटिश माणसाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या मराठी डॉक्टरांच्या अंगात २१.२. आपली ठेवण अशी आहे: वजन बेताचं, चरबी आत. म्हणून काट्यापेक्षा टेप बघा. बेंबीच्या पातळीला पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढं, बाईची ८० च्या पुढं गेली की एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करायचंच. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ म्हणजे आत.

तालमीतल्या जुन्या गड्यांचं एक ठरलेलं असतं: कसरत सुटते, खुराक सुटत नाही. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, तूप, बदामाची थंडाई, रविवारी तांबडा-पांढरा. हे सगळं हजार बैठका पचवायच्या, आता खुर्ची पचवत नाही. दुधावर माझा राग नाही, प्रथिनं हवीतच. पण तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे काही टक्के जातात, आणि ते थांबवायला वजन उचलण्याइतका खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही. तेव्हा बीपी आणि ईसीजी बघून घ्या, आणि परत जोर-बैठका सुरू करा: पहिले पंधरा दिवस दहा-दहाचे दोन डाव, अंगाला ताण कळेल एवढेच, मग हळूहळू चढवत न्या. विशीतला आकडा डोक्यात ठेवून पहिल्याच दिवशी शंभर मारू नका. गुडघा गेला की पुडीवाल्याच्या दारात जाल. रंकाळ्याला फेरी मारता ते चांगलंच, पण नुसत्या फेरीनं मांडी बनत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात खोली काळोखी करून एका दमात झोपा, आणि मध्यरात्री कँटीनमधला वडा-रस्सा टाळा. त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. कंबर चार-पाच सेंटिमीटर उतरल्यावर टेस्टोस्टेरॉन परत करू.

आता मिसेस. पुरुषाचं हार्मोन उताराच्या रस्त्यानं हळूहळू खाली येतं, बाईचं जिन्यावरून. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं. वाफा, घाम, धडधड, चिडचिड, तुटलेली झोप ही त्याचीच. एफएसएच (बीजकोशांना हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन) करून सिद्ध करायची गरज या वयात सहसा नसते. "सगळ्याच बायकांना होतं, सहन करायचं" हे सासूनं म्हटलं तर समजू शकतो. डॉक्टरनं म्हणू नये. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता झपाट्यानं, काहींची २० टक्क्यांपर्यंत, जाते. मणका आणि खुब्याचं दुखणं पुढं पंधरा-वीस वर्षांनी येतं, पण त्याची सुरुवात इथं होते.

या वाफांवर इस्ट्रोजेनसारखं गुणकारी दुसरं औषध नाही. भीती कुठून आली? २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला: दहा हजार बायकांमागं वर्षाला आठ जास्त. मथळे झाले, जगभर गोळ्या बंद झाल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. साठीच्या आत, किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा तोट्याहून जास्त आहे, असं आता मत आहे. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढतं. त्वचेवर लावायच्या जेलनं गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, लिव्हर खराब, किंवा रक्तस्रावाचं कारण कळलेलं नाही, अशांना हे द्यायचं नाही. त्यांच्यासाठी हार्मोनविरहित गोळ्या आहेत.

म्हणून मिसेसची पाळी नुसती मागंपुढं होतेय की अंगावर जास्त जातंय, गाठी पडतात, दोन पाळ्यांच्या मध्ये दिसतं, हे आधी विचारा. तसं असेल तर सोनोग्राफी आणि या वयात अस्तराचा तुकडा तपासणं आलं. हिमोग्लोबिन आणि टीएसएचही. कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" म्हटलं तर दुसरं मत घ्या. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्याच्या बातम्या २०१९ मध्ये राज्यभर गाजल्या. त्याच बायका दर हंगामाला आपल्या फडांत कोयता चालवतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाणं त्याच दिवशी होतं, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं इस्ट्रोजेन एका ऑपरेशनमध्ये संपतं. तिशीत असं झालेल्या बाईला नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देणं हा चैनीचा उपचार नाही, हाडांसाठी आणि हृदयासाठी ती गरज आहे. ते त्यांना कुणी दिलेलं नसतं.

आणि एक राहिलं. पाळी चुकतेय म्हणजे आता दिवस राहणारच नाहीत, असं धरून चालू नका. पन्नाशीच्या आत पाळी सलग दोन वर्षं आली नाही, पन्नाशीनंतर एक वर्ष, तोवर काळजी घ्यायची. वाफांवर देतात तेवढ्या कमी डोसचं इस्ट्रोजेन गर्भनिरोधक म्हणून पुरत नाही. तांबी आधीच बसवलेली असेल तर ती काढायची घाई करू नका, आणि ती कुठल्या जातीची आहे, तांब्याची की हार्मोनची, तो कागद येताना बरोबर आणा.